खंडेनवमीच्या ताटातलं कार्ड

माझा राग वाईट, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं जे झालं ते वाचून तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस असा कसा वागला. शिकलेला म्हणजे काय, जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. माकणीच्या धरणाकडच्या पाच-सहा गावांत मला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त करत नाही. अडलेली म्हैस मी तासन् तास न चिडता सोडवतो. लाथ बसली तरी जनावराला शिवी देत नाही. पण माणूस समोर आला की माझं डोकं फिरायला एक मिनिट पुरतं. बायको म्हणते, "तुमचा सगळा धीर म्हशीच घेऊन जात्यात, आमच्यापर्यंत काय उरतच न्हाई."

क्रेडिट कार्ड मला बँकेनं गळ्यात मारलं होतं. पगाराचं खातं होतं तिथल्या साहेबांनी "घ्या हो डॉक्टर, फुकटच आहे" म्हणत चार सह्या घेतल्या आणि महिन्याभरात कार्ड पोस्टानं घरी आलं. ते वर्षभर कपाटात साडीच्या घडीखाली पडून होतं. ते बाहेर काढलं आमच्या जावयानं.

जावयाचं सांगतो. आम्हाला एकच लेक. मला तिच्यासाठी नोकरीवाला मुलगा पाहिजे होता, शिक्षक, तलाठी, काहीही, पण पहिल्या तारखेला पगार घेणारा. बायकोनं बघितला नळदुर्गला हायवेवर मोबाईलचं दुकान चालवणारा. मी म्हणालो, मोबाईलवाला? ती म्हणाली, पोरीकडं बघून बोलतो, पोरीच्या बापाच्या सातबाऱ्याकडं बघून न्हाई. लग्न झालं. पोरगा मवाळ, कमी बोलणारा, मला मामा म्हणणारा. मी त्याला रीतीप्रमाणं जावईबापू म्हणायचो, तुम्ही-आम्ही करायचो, पण मनातून काय तो मला पसंत पडला नव्हता. मोबाईल उघडून बसणाऱ्या माणसाच्या हाताला सगळ्यांच्या घरातल्या गोष्टी लागतात, असं मला उगीच वाटायचं.

त्याच जावयानं मला ऑनलाइन मागवायला शिकवलं. मग काय, गमबूट आले, डोक्याला बांधायची बॅटरी आली, बायकोचा मिक्सर आला. धरणाकाठच्या आमच्या गल्लीत गाडीवाला खोकं घेऊन आला की शेजारचे विचारायचे, डॉक्टर, आज काय? मला लई भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं. आमच्या पाटावर विळा, खुरपं, माझ्या सिरिंजा, थर्मामीटर, गोऱ्हे खच्ची करायचा मोठा चिमटा असलं सगळं असतं आणि बाहेर मोटारसायकलला झेंडूचा हार. त्या वर्षी बायको म्हणाली, "कार्ड पण ठिवा की. घरात येतंय ते समदं त्याच्यावरच येतंय." मला ते पटलं. ताटात मधोमध कार्ड ठेवलं. ती बोटभर कुंकू घेऊन लावायला निघाली तर मीच ओरडलो, "अगं, आकड्यांवर नको, कोपऱ्याला लाव. फोटो खराब येतोय."

फोटो झकास आला. मी तो स्टेटसला ठेवला. तेवढ्यानं भागेना म्हणून जनावरं खरेदी-विक्रीचे जे सात-आठ ग्रुप आहेत, त्यातही टाकला. खाली लिहिलं, आमची आजची शस्त्रं. त्या ग्रुपांत कोण कुठला माणूस आहे हे देवालाच ठाऊक. लोकांनी जोडलेले हात, फुलं, हसरे चेहरे पाठवले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला लेक-जावई सोनं द्यायला आले. लेकीला सातवा महिना लागला होता. बायकोनं दिवाळीत ओटी भरायचं ठरवलं होतं आणि सण झाला की पहिल्या बाळंतपणाला तिला इकडं आणायचं, हे तर तिच्या लग्नाआधीपासून ठरल्यासारखंच होतं. जुन्या लुगड्यांची दोन दुपटी शिवून झाली होती. डिंक, अळीव डब्यात भरून ठेवले होते.

घरात पाहुणे होते, पुरणपोळीची पंगत बसायची होती, तेवढ्यात जावई माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, मेसेज बघितला का?"

"बघितला, बघितला," मी म्हणालो. दसऱ्याच्या दिवशी मोबाईलवर दोन-अडीचशे मेसेज येतात, सगळ्यांत तेच आपट्याचं पान. ते कोण बघतं? पण बघितला म्हणायची रीत आहे.

"मग मोबाईल देता का जरा? अन् कार्ड पण. एक बटण बंद करून देतो."

माझ्या कपाळावर आठीच आली. सणासुदीच्या दिवशी, पाच पाहुण्यांसमोर, जावई सासऱ्याचं कार्ड मागतोय. मी म्हणालो, "राहू द्या जावईबापू. आमचं आम्ही बघतो." तो एकदा पाहुण्यांकडं बघून गप्प बसला. जेवताना पुन्हा एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मनात नोंद करून ठेवली.

त्याला आठवडा झाला असेल. मी शेजारच्या गावात अडलेल्या म्हशीजवळ होतो. रेडकू आडवं, माझा हात खांद्यापर्यंत आत, घामाच्या धारा, आणि खिशातला मोबाईल वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. म्हैस मोकळी झाली, रेडकानं कान हलवले, मालकानं गूळ-पाणी आणलं, तेव्हा कुठं हात धुऊन मी मोबाईल काढला. कार्डावर तीन खरेद्या. तिन्ही परदेशात, तिन्ही डॉलरमध्ये. एक बुटांचं दुकान, एक कसला तरी गेम, आणि एक नाव तर मला वाचताच येईना. माझा निम्मा पगार गेला होता आणि ओटीपीचा एकही मेसेज नव्हता.

आता शहाणा माणूस काय करील? बँकेला फोन लावील. मी जावयाला लावला.

"तू केलंस ना हे?" मी त्याला म्हणालो. तू म्हणालो. लग्नाला दोन वर्षं झाली, कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "दसऱ्याला कार्ड मागत होतास. आता कसं रे झालं हे? माझी लेक दिली तुला, घर दिलं न्हाई. चोर तो चोर, वर घरातला."

पलीकडं दुकानात कुणाचं तरी गाणं वाजत होतं, ते बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"मामा," तो म्हणाला, "आधी कार्ड बंद करा. बाकीचं मग बोलू."

बघा, मला वाटलं, विषय कसा बदलतोय. मी फोन आपटला. गोठ्यात गूळ-पाणी घेऊन उभा असलेला मालक माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाच गावांनी ऐकलं होतं.

मी घरी पोचलो, त्यानंतर थोड्या वेळानं जावयाची मोटारसायकल दारात. नळदुर्गहून तो दुकान बंद करून आला होता. मला काही बोलला नाही. बायकोला म्हणाला, "मामी, मामांचा मोबाईल द्या." तिनं माझ्या खिशातून काढून दिला. त्यानं बँकेला फोन लावला, मला नुसते आकडे सांगायला लावले, कार्ड बंद करून घेतलं, तक्रारीचा नंबर वहीत लिहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी लोहाऱ्याला बँकेत जाऊ. तीन दिवसांच्या आत लेखी दिलं तर पैसे परत मिळत्यात. उशीर नको." पाणी पिऊन तो पडवीतच झोपला. आत या म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

बायकोनं सकाळी चहा देताना विचारलं, "फोनवर काय बोललात त्यांना?"

मी सांगितलं. तिनं कप तसाच खाली ठेवला. "जावयाला अरे-तुरे केलं? चोर म्हणालात?" ती म्हणाली. "अति राग, भीक माग. आता भीकच मागाल, बघा."

बँकेत एक तरुण मॅडम होत्या. अर्ज देता देता त्यांनी समजावून सांगितलं, परदेशातल्या काही वेबसाइटवर ओटीपी लागत नाही, नुसता कार्डाचा नंबर आणि वरची तारीख मिळाली तरी काम होतं. परदेशातली खरेदी बंद करायचं एक बटण ॲपमध्ये असतं, ते तुमचं चालू राहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, "काका, कार्डाचा फोटो कुणाला पाठवला होता का? किंवा कुठं टाकला होता?"

"मी काय येडा हाय का?" मी म्हणालो. पूजेच्या ताटाचा फोटो म्हणजे कार्डाचा फोटो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि मुद्दाम, त्या मॅडमना कळावं म्हणून, मान वळवून जावयाकडं बघितलं. म्हणजे बघा, माझ्या मनात काय होतं ते. त्या मॅडमनंही त्याच्याकडं बघितलं. काउंटरजवळच्या दोघा-तिघांनी बघितलं.

तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं अर्ज ओढून घेतला, जिथं सही करायची तिथं पेननं फुली मारली आणि माझ्यासमोर सरकवला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती मला अण्णा म्हणते. लहानपणी माझ्या मोटारसायकलवर पुढं टाकीवर बसून गावोगाव हिंडलेली पोरगी. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

"अण्णा, हे तुमच्याबरोबर बँकेत बसले असताना तुम्ही त्यांच्याकडं कसं बघितलं ते मला कळलं. ह्यांनी न्हाई सांगितलं. लोहाऱ्याच्या लोकांनी सांगितलं. ज्या घरात माझ्या नवऱ्याला चोर म्हणत्यात, त्या घरात मी बाळंत होणार न्हाई. आईला सांगा, ओटी भरायची पण गरज न्हाई."

"अगं पण पहिलं बाळंतपण माहेरातच—"

"माहेर असलं तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर आमच्या घरात जे दिवस गेले, ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. बायको जेवण वाढायची, पण बोलायची नाही. दुपटी तिनं ट्रंकेत घालून ठेवली. शेजारणी विचारायच्या, कधी आणायची पोरीला? ती म्हणायची, बघू, तिच्या सासूला सवड मिळू दे. माझं पाप ती विहिणीवर ढकलत होती, आणि ते तिला किती टोचत असेल हे मला दिसत होतं. पण मी हटायला तयार नव्हतो. चोरानं कबूल करावं, मी माफ करतो, असं मी मनातल्या मनात मोठेपणानं ठरवून ठेवलं होतं. रात्री बायको कुशीवर वळून गुपचूप रडायची, तेव्हा सुद्धा.

मग बँकेतून फोन आला. अर्जाबरोबर त्या तीन खरेद्यांचे मेसेज छापून जोडायला लागतील, आणि सायबर पोलिसांकडंही ऑनलाइन तक्रार करा. आता असल्या कामाला नेहमीचा माणूस म्हणजे जावई. त्याला कोणत्या तोंडानं बोलावणार? दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. खुर्चीवर बसून मी मोबाईल खालीवर करायला लागलो. मला ते मेसेज कुठं असतात तेच कळेना. चुकून व्हॉट्सॲप उघडलं. खाली, खाली, दसऱ्यापर्यंत गेलो. आपट्याची पानं, सोनेरी अक्षरं, एकही उघडलेलं नाही. मध्येच जावयाचं नाव. मला वाटलं, ह्यानंही पानच पाठवलं असणार.

पान नव्हतं. खंडेनवमीची संध्याकाळ, मी फोटो टाकला त्याच्या घंटाभरात पाठवलेला मेसेज होता.

"मामा, स्टेटसच्या फोटोत कार्डाचा नंबर अन् तारीख दिसायलीय. लगेच काढून टाका. मी फोन लावला, लागला न्हाई. उद्या आल्यावर परदेशातल्या खरेदीचं बटण मी बंद करून देतो. मामींना सांगू नका, उगं घाबरतील."

मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना वाटलं, हा आता मागाहून पाठवलाय का? इतका मी नीच. तारीख बघितली. खंडेनवमी. मग मला सगळं दिसायला लागलं. दसऱ्याला तो हळू आवाजात का बोलला, पाहुण्यांकडं बघून गप्प का बसला. बँकेत त्या मॅडमनी फोटोचं विचारलं, तेव्हा त्याच्या खिशात मोबाईल होता. तो मोबाईल काढून दाखवला असता तर तिथल्या तिथं मी वेडा ठरलो असतो आणि तो सुटला असता. त्याऐवजी त्यानं अर्जावर माझ्यासाठी फुली मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना. इथं तर चोराला दार मीच उघडून दिलं होतं, आणि संन्यासी मला ते झाकायला मदत करत होता.

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस दवाखान्यात औषधांच्या खोक्यांसमोर बसून रडला, हे लिहायला लाज वाटते, पण रडलो.

घरी जाऊन बायकोला मेसेज वाचून दाखवला. तिला वाचता येतं, पण तिनं मलाच वाचायला लावला, मोठ्यानं. संपल्यावर म्हणाली, "वाचलं तुम्ही. आता काय? इथं बसून रडता काय? उठा."

"उद्या जाऊ."

"उद्या कशाला? राग यायला उद्या लागत न्हाई तुम्हाला."

नळदुर्गला पोचलो तेव्हा दुकानात गर्दी होती. समोरच्या ढाब्यावर ट्रक लागले होते आणि एक ड्रायव्हर चार्जरची वायर वाकवून बघत होता. जावई काउंटरमागं. आम्हाला बघून तो उठला, नमस्कार केला, "या मामा, या मामी," म्हणाला, जसं काही झालंच नाही. मला तेच सहन होईना.

मी तिथंच उभा राहिलो. म्हणालो, "जावईबापू, चारचौघांत मी तुमचा अपमान केला, म्हणून चारचौघांतच सांगतो. कार्डाचा फोटो मी टाकला होता. तुमचा मेसेज मी वाचलाच नव्हता. तुम्ही मला वाचवायला गेलात आणि मी तुम्हाला चोर म्हणालो. माझं चुकलं." हात जोडायला गेलो तर त्यानं काउंटरवरून वाकून माझे दोन्ही हात धरले.

"मामा, असं नका करू. लोक बघायलेत."

"बघू द्या."

तो ड्रायव्हर वायर खाली ठेवून, पैसे नंतर देतो म्हणत बाहेर गेला. जावयाचे डोळे भरले होते. "मला त्या चोर म्हणण्याचं एवढं न्हाई वाटलं मामा," तो म्हणाला. "रागात माणूस बोलतो. तुम्ही मला पहिल्यापासून असंच समजत होता, ते वाईट वाटलं."

खरंच होतं ते.

दुकानाच्या मागंच त्यांचं घर. पडदा बाजूला सारून लेक दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं असणार. पोट चांगलंच पुढं आलेलं, पायावर सूज. बायको धावत तिच्याजवळ गेली, तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी मात्र जागचा हललो नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "एक विचारू? तो मेसेज सापडला नसता तर आला असता का तुम्ही?"

आलो असतो गं, एवढंच म्हणायचं होतं. बायको तिच्या खांद्याआडून मला डोळ्यांनी तेच सांगत होती. म्हणा. एक शब्द खोटा बोला आणि पोरीला घरी घेऊन चला. पैसे पुढं परत आले, त्याचं मला काही नाही, पण त्या क्षणी माझं सगळं त्या एका शब्दावर अडकलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "आलो नसतो. ह्यांना चोरच समजत राहिलो असतो."

लेक रडायला लागली. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं हातचं. जावई तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"खरं बोलले ते," तो तिला म्हणाला. "जा तू."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "जाते," ती म्हणाली. "पण आईसाठी जाते, अण्णा. तुमच्यासाठी न्हाई. तुमच्यासाठी यायला मला वेळ लागंल."

"लागू दे," मी म्हणालो. ती कपडे भरायला आत गेली आणि मी बाहेर पायरीवर बसून तिची वाट बघत राहिलो.